समुद्रावर निघालात? आधी तिथी पाहा

कन्नड : शाळांच्या परीक्षा आटोपतात, लगीनसराईची धावपळ थोडी ओसरते आणि मे महिन्याच्या मध्यास कन्नडमधील घराघरांत एकच बेत शिजू लागतो. तो म्हणजे कोकणातील समुद्राचा. गौताळ्याचे डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात, शिवनेच्या पात्रात दगडगोटे उघडे पडलेले असतात आणि दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी निळ्या पाण्याची ओढ लागावी यात नवल नाही. चार कुटुंबे मिळून गाडी ठरवतात, रात्रीची जेवणे उरकून निघतात आणि छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे व ताम्हिणी घाट असा सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा पल्ला गाठून उजाडता उजाडता दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरच्या वाळूवर उतरतात. खोलीचा ताबा दुपारपर्यंत मिळणार नसतो. सामान गाडीतच राहते आणि रात्रभर धड न झोपलेली मंडळी थेट पाण्याकडे धावतात.

सहलीतील सर्वांत आनंदाचा क्षण तोच असतो आणि सर्वांत धोक्याचाही. कारण समोरचे पाणी आपल्या ओळखीचे नसते.

कन्नड तालुका पाण्याच्या दृष्टीने मोठ्या मौजेच्या जागी वसला आहे. पठारावर पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीला व तिच्यातून बंगालच्या उपसागराला मिळतो. औट्रम घाटाच्या कड्यावरून चाळीसगावच्या अंगाला उतरलेले पाणी मात्र गिरणा, तापी या वाटेने अरबी समुद्र गाठते. दोन्ही समुद्रांना पाणी धाडणाऱ्या या तालुक्यातील माणसाची समुद्राशी ओळख मात्र आयुष्यातील चार-दोन दिवसांची. त्याचे पोहणे विहिरीत झालेले असते. पाठीला रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून थोरल्या भावाने किंवा चुलत्याने त्याला विहिरीत ढकललेले असते आणि आठ दिवसांत तो काठावरून सूर मारू लागलेला असतो. हे पोहणे कमी प्रतीचे असते असे नव्हे. खोल पाण्याची भीती ते कायमची घालवते. परंतु विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि दमल्यावर हाताशी कपार असते. ‘आम्ही विहिरीत पोहणारे’ हा आत्मविश्वास समुद्रात उपयोगी पडत नाही. किंबहुना, पोहता न येणारा गुडघाभर पाण्यात थांबतो. पोहता येणारा पुढे जातो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्या दुपारी चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी येथे बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण समुद्रात गेले. दोन्ही सहली देशावरच्या शहरांतून आल्या होत्या. दोन्ही वेळी पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. पाहणाऱ्याला समुद्र सौम्यच वाटावा असे ते दिवस होते. आपल्याकडे पाण्यात बुडून मरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांत देशभरात ती पस्तीस हजारांहून अधिक होती. त्यांतील बहुतेक मृत्यू नद्या, तलाव व विहिरींतील आहेत. समुद्रकिनाऱ्यावरील दुर्घटनांचे वैशिष्ट्य असे, की तेथे एका वेळी एकाच गटातील अनेक जण जातात, आणि ते बहुधा पाहुणे असतात.

पाऊणपटीचे गणित

किनाऱ्यावरच्या माणसाला जे अंगवळणी पडलेले असते आणि घाटावरच्या माणसाला जे ठाऊक नसते, त्यात पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. शाळेच्या भूगोलात ती सर्वांनीच वाचलेली असते. पण घड्याळात बसवून पाहिलेली नसते. समुद्राला साधारणतः चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, थोडी अधिकच, पुढे सरकते. आज सकाळी दहाला भरती असेल तर उद्या ती पावणेअकराच्या सुमारास येणार.

कोकणातील जुन्या माणसांनी यावर एक सोपा तोडगा काढून ठेवला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ वाजता. पौर्णिमा वा अमावास्या असेल तर मध्यान्ही व मध्यरात्री. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने जमतो. भिंतीवरचे कॅलेंडर ज्यांच्या घरी आहे, त्यांना यासाठी दुसरे काही लागत नाही. संकष्टी आणि एकादशी पाहण्यासाठी जे पान आपण रोज उलटतो, त्याच पानावर समुद्राचे वेळापत्रक लिहिलेले असते, हे पठारावरच्या माणसाला कोणी सांगितलेले नसते एवढेच. हल्ली भ्रमणध्वनीवरही भरतीचे अचूक तक्ते पाहता येतात आणि मुक्कामाच्या घरमालकाला विचारले तर तो न पाहताच वेळ सांगतो.

सर्व तिथींचे पाणी सारखे नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र येते. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या ओढी काटकोनात येतात व चढउतार कमी होतो. हे भांगाचे पाणी. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि रत्नागिरी, मालवणकडे साधारण दोन-अडीच मीटरांवर येतो. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर सहा तासांत एक मजला उंचीचे पाणी येते आणि जाते.

हे पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही, हा दुसरा बारकावा. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. उतरतानाही तसेच. अर्धे पाणी मधल्या दोन तासांतच हलते. पौर्णिमेच्या दिवशी बारा वाजता भरती झाली, तर दुपारी दोन ते चार या वेळात समुद्र सर्वांत वेगाने मागे हटत असतो. सकाळी पोहोचून, जेवून, थोडे लवंडून पाहुणे पुन्हा पाण्यात शिरतात ते साधारण याच वेळी.

सपाट किनाऱ्यावर या चढउताराचा परिणाम आडवा दिसतो. वाळूचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असेल, तर तीन मीटरच्या भरतीने पाण्याची रेषा दीडशे मीटर आत येते. भर वेगाच्या एका तासात ती पस्तीस-चाळीस मीटर सरकते. चपला, पिशव्या, पाळण्यातील मूल आणि त्याच्याजवळ बसलेली आजी यांच्यासाठी हे अंतर पुरेसे मोठे आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने गाठता येतो आणि भरती लागली की त्याचे बेट होते. किल्ल्यात रमलेल्या मंडळींची परतीची वाट पाण्याखाली गेल्याचे प्रसंग तेथे नवे नाहीत. हरिहरेश्वरची गोष्ट अधिक गंभीर आहे. देवळामागील प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या कड्याखालून, लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जातो. ओहोटीत तो सुरक्षित व अतिशय देखणा असतो. भरती असताना तेथे एखादी मोठी लाट खडकावर उभ्या असलेल्या माणसाला सहज उचलून नेते, आणि अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. देवदर्शनाला आलेला माणूस ‘प्रदक्षिणा अर्धी कशी सोडायची’ या विचाराने पुढे जातो. तेथील पुजारी किंवा दुकानदार थांबायला सांगत असतील तर थांबावे. सहा तासांनी तीच प्रदक्षिणा कोरड्या पायांनी होते.

शांत दिसणारा पट्टा

भरतीचे गणित समजले म्हणजे समुद्र कळला असे मात्र नाही. मुरूडच्या दुर्घटनेनंतरची अमावास्या ८ फेब्रुवारी २०१६ रोजी होती. म्हणजे १ फेब्रुवारी हा भांगाच्या पाण्याचा दिवस होता. वायरीची दुर्घटना हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर चार दिवसांनी घडली. तेव्हा उधाणही ओसरू लागले होते. पाणी कोणत्या वेळी कोठे असेल हे तिथी सांगते. ते आत ओढणार की नाही, हे वाळूवर उभे राहून पाहावे लागते.

लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी कोठून तरी परत जाणारच. पाण्याखालच्या वाळूचे उंचवटे किनाऱ्याला समांतर बांधासारखे असतात. शेतात साचलेले पाणी जसे बांध फुटलेल्या जागेतून जोराने वाहते, तसे हे परतीचे पाणी उंचवट्यांमधील खाचेतून एका अरुंद पट्ट्यात समुद्राकडे धावते. खडकाच्या किंवा धक्क्याच्या कडेलाही असा प्रवाह तयार होतो. त्याचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो; कधी दोन मीटरांवरही जातो. ऑलिम्पिकमधील जलतरणपटूही इतक्या वेगाविरुद्ध टिकणार नाही. ओहोटीच्या अखेरीस हे प्रवाह बहुधा अधिक जोर धरतात. मात्र ते कोणत्याही वेळी असू शकतात, आणि वाळू हलली की त्यांची जागाही बदलते. गेल्या वर्षी याच जागी पोहलो होतो, या अनुभवाला म्हणून फारशी किंमत नाही.

प्रवाहाची जागा ओळखता येते. आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटत असताना मधल्याच एका पट्ट्यात त्या फुटत नाहीत. तेथील पाणी गडद किंवा गढूळ दिसते, फेस व कचरा किनाऱ्याकडे येण्याऐवजी आत जाताना दिसतो. दुर्दैव असे, की लाटांना बिचकणाऱ्या नवख्या माणसाला हाच पट्टा सर्वांत शांत वाटतो. मुलांना घेऊन तो नेमका तेथेच उतरतो.

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. हे एक वाक्य घरातील प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, निघण्यापूर्वी सांगून ठेवण्यासारखे आहे. माणूस बुडतो तो बहुधा किनाऱ्याच्या दिशेने जिवाच्या आकांताने हात मारून दमल्यामुळे. पायाखालची जमीन सुटली तर प्रथम उताणे होऊन तरंगावे, एक हात वर करून मदत मागावी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे विहिरीपेक्षा येथे तरंगणे सोपे जाते. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, उजवीकडे किंवा डावीकडे पोहावे. पट्टा अरुंद असल्याने काही मीटरांवर तो संपतो आणि मग लाटाच माणसाला वाळूकडे आणतात. प्रवाह लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडा पलीकडे गेला की एरवीही मंदावतो.

एक जण वाहू लागला की दुसरा त्याला धरायला जातो, त्याच्यामागे तिसरा. हात धरून साखळी करण्याचा प्रयत्न होतो आणि साखळीच्या टोकाचे आधी जातात. सामूहिक दुर्घटना बहुधा अशा घडतात. पाण्यात उडी घेण्यापेक्षा बूच घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, गाडीतली स्टेपनीची ट्यूब, दोर, असे काहीही तरंगणारे त्याच्याकडे फेकावे. प्रवासात वीस लिटरचा कॅन प्रत्येक गाडीत असतोच. तो रिकामा झाला की वाळूवर हाताशी ठेवावा. ज्या डब्याने विहिरीत तरंगायला शिकवले, त्याचेच हे भावंड.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडील मंडळींच्या बाबतीत विशेष लागू पडतात. आपण पाण्यात उतरतो ते अंगभर कपड्यांनिशी. भिजलेली नऊवारी वा पाचवारी, जीन्सची विजार, ओढणी यांनी पाय अडखळतात आणि पडलेला माणूस लवकर उठू शकत नाही. लाजेचा प्रश्न असेल तर पातळ, आखूड सुती कपडे आहेत. दुसरे म्हणजे, लहान मूल बुडताना ओरडत नाही. श्वास घेण्याचीच मारामार असते, ओरडायचे कोठून? घोटाभर पाण्यातही परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते व मूल तोंडावर पडते. मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसाने त्या वेळी फोटो काढू नयेत.

वाळू आणि गाडी

वाळूवर गाडी नेण्याचा मोह अलीकडे फार वाढला आहे. ओहोटीतील ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी कठीण लागते. ओल्या कणांमधले पाणी त्यांना घट्ट धरून ठेवते, म्हणून. भरतीचे पाणी खालून चढू लागले की कणांमधली जागा पाण्याने पूर्ण भरते, पकड सुटते आणि उभ्या गाडीची चाके रुतत जातात. चालकाने वेग वाढवला की चाक स्वतःचाच खड्डा खणते. त्यानंतर ट्रॅक्टर किंवा जेसीबी येईपर्यंत लाटा बॉनेटवर आलेल्या असतात. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा पुढे भरवसा देता येत नाही. आधीच अनेक किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई आहे. पण ती नसती तरी वर दिलेले तासाला चाळीस मीटरांचे गणित पुरेसे आहे. शिवाय वाळूत कासवे अंडी घालतात. वेळास, हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात आणि पिले बाहेर पडण्याचा हंगाम उन्हाळ्यातही रेंगाळतो.

कोरड्या उन्हातून दमट उन्हात

आपल्याकडचे चाळीस अंश सोसणाऱ्याला कोकणातले तेहेतीस अंश काहीच नाहीत असे वाटते. प्रत्यक्षात दुपारी तोच आधी गळून जातो. कन्नडच्या कोरड्या हवेत घाम निघताक्षणी उडतो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावरील दमट हवेत तो उडत नाही, नुसता ठिबकत राहतो. पाणी व मीठ दोन्ही जातात, अंग मात्र निवत नाही. त्यात दुपारी खारे वारे सुटतात. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा येते, हा शाळेतला धडा अंगावर अनुभवायला मिळतो. वारा सुखद असल्याने ऊन लागत असल्याचे कळत नाही. संध्याकाळी खांदे व मान भाजल्यासारखी होतात तेव्हा कळते. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर हीच वाळूवर जाण्याची वेळ. भर दुपारी कोरडी वाळू पन्नास अंशांपर्यंत तापते. अनवाणी मुलांच्या तळव्यांना फोड येतात. ताक, कोकम सरबत, शहाळे यांची तेथे वाण नाही. रात्रभराच्या प्रवासानंतर काही न खाता पाण्यात उतरणे आणि मद्य घेऊन उतरणे, यांचा शेवट सारखाच होऊ शकतो.

बुडालेला माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे असे प्रकार आजही होतात. त्याने पोटातले पाणी व अन्न श्वासनलिकेत जाते आणि वेळ वाया जातो. श्वास थांबला असेल तर त्याला पाठीवर निजवावे, हनुवटी वर करून नाक चिमटावे व तोंडाने पाच श्वास द्यावेत. त्यानंतर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलिस. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

तारखेचा प्रश्न

सहलीची तारीख ठरवताना आपण लग्नांच्या तिथी, कामाच्या रजा आणि गाडीचे भाडे पाहतो. त्यामुळे पुष्कळांची पाळी मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या आरंभी येते. शाळा अजून उघडायच्या असतात, खोल्याही थोड्या स्वस्त झालेल्या असतात. त्या स्वस्ताईला कारण आहे. मेच्या अखेरीस नैऋत्येचे वारे जोर धरू लागतात आणि पाऊस येण्यापूर्वीच त्याच्या लाटा किनाऱ्यावर पोहोचतात. आभाळ निरभ्र आणि समुद्र खवळलेला, असे दृश्य या दिवसांत नेहमीचे असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा व प्रवासी होड्या साधारणतः २६ मेपासून पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवल्या जातात. १ जूनपासून मासेमारीही बंद होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत वर सरकले होते आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आदळले, तेव्हा दिवेआगर परिसरातील सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या.

पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट असलेला कोळी ज्या दिवशी होडी वाळूवर ओढून घेतो, त्यानंतरच्या आठवड्यात कन्नडहून गेलेल्या पाहुण्याने पाणी वाळूवरूनच पाहावे. देवदर्शन होते, माशाचे किंवा मोदकांचे जेवण मिळते, सूर्यास्त दिसतो. पाण्यात खेळायचेच असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातील भांगाचे दिवस धरावेत. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान पूर्ण भरती सकाळी सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान येते आणि तिथून पाणी उतरू लागते. पुन्हा भरती संध्याकाळी साडेपाच ते आठच्या दरम्यान होते, तेव्हा चारच्या सुमारास वाळूवर आलेल्या माणसाला चढते पाणी मिळते. जीवरक्षक असलेला किनारा निवडावा; ते सर्वत्र नाहीत आणि अंधार पडल्यावर कोठेच नसतात. दोन लाल-पिवळ्या बावट्यांमधील जागा पोहण्यासाठी राखलेली असते, नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचे नसते. हे बावटे गोव्याच्या किनाऱ्यांवर सर्रास दिसतात. आपल्या किनाऱ्यावर ते दिसले नाहीत, तर पाण्यात उतरण्याआधी जवळच्या टपरीवर चहा घ्यावा आणि आज कोठे उतरू नये, एवढे विचारून घ्यावे.